शहरातल्या ना-नफा संस्थेत मूळ रहिवासी समाजांची कारभारपद्धत खरोखर चालते का?

आपला प्रश्न असा आहे की, या समाजांची पारंपरिक सत्ता कुळाशी आणि जमिनीशी बांधलेली असताना, नाना कुळांची माणसे जिथे एकत्र राहतात त्या शहरातील नोंदणीकृत संस्था ती पद्धत कशी वापरणार. या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार माझ्या मते न्यूझीलंडमध्ये झाला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले मूळ रहिवासी असलेले माओरी लोक मोठ्या संख्येने शहरांत आले आणि अनेकांचा आपल्या कुळाशी रोजचा संबंध तुटला. पश्चिम ऑकलंडमध्ये अशा लोकांनी 1984 मध्ये ‘ते फानाऊ ओ वायपारेरा’ हा न्यास स्थापन केला. ‘फानाऊ’ म्हणजे कुटुंब. समाजकल्याणाच्या निधीबाबत सरकार आपल्याला 1840 च्या वायतांगी तहातील (ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातील करारातील) भागीदाराप्रमाणे वागवत नाही, अशी तक्रार घेऊन हा न्यास या तहाच्या भंगाच्या तक्रारी तपासणाऱ्या वायतांगी न्यायाधिकरणापुढे गेला. न्यायाधिकरणाने 1998 च्या अहवालात जे मांडले ते मला फार मोलाचे वाटते: ‘रांगातिरातांगा’, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याचा अधिकार, नेते आणि त्यांचा समाज यांच्यातील परस्पर कर्तव्यांतून उपजतो, म्हणून एका वंशाचा नसलेला शहरी समूहही तो बजावू शकतो. आपल्या शंकेतील ‘कुळ’ हा अडसर इथे बराच दूर होतो.

कायद्याची चौकट हा त्यामानाने सोपा भाग आहे. ऑस्ट्रेलियात 2006 च्या स्वतंत्र कायद्याखाली नोंदणी झालेल्या मूळ रहिवाशांच्या संस्थांना आपली नियमावली रूढी-परंपरांचा विचार करून लिहिता येते आणि बहुसंख्य संचालक मूळ रहिवासी असावे लागतात. परंतु संचालकांच्या जबाबदाऱ्या बऱ्याच अंशी सर्वसाधारण कंपनी कायद्यासारख्याच आहेत. कॅनडातील ‘फ्रेंडशिप सेंटर’ ही मदत केंद्रे 1950 च्या दशकापासून शहरांत आलेल्या मूळ रहिवाशांसाठी, म्हणजे वेगवेगळ्या आदिम राष्ट्रांच्या (‘फर्स्ट नेशन्स’), मेटी (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) आणि इन्यूइट (उत्तर ध्रुवाकडच्या) लोकांसाठी उभी राहिली, त्यामुळे तिथे कोणत्या राष्ट्राची रीत पाळायची हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

माझी खरी चिंता वेगळी आहे. पुष्कळ संस्था ज्येष्ठांचे मंडळ नेमतात, बैठकीचा आरंभ त्यांच्या प्रार्थनेने करतात आणि निर्णय मात्र संचालकांच्या बहुमतानेच घेतात. याला मी कारभारपद्धत म्हणणार नाही. कोणत्या विषयांवर ज्येष्ठांचे मत घेतल्याशिवाय ठराव मांडता येणार नाही, एकमतासाठी किती बैठका द्यायच्या, ते न झाल्यास मतदान केव्हा घ्यायचे आणि संचालकांनी निधी देणाऱ्यांखेरीज समाजापुढे हिशेब कधी मांडायचा, हे नियमावलीत लिहिलेले असले पाहिजे. एखादी संस्था पारखायची असेल, तर तिच्या माहितीपत्रकाआधी आपण ही कलमे मागून वाचावीत.