ऊन आपलं, कार्बन कुणाचा?

प्रश्न : नागपूरचं ऊन आधीपासूनच कडक. मग तापमानवाढ माणसामुळेच, हे कशावरून? घरी काय करता येईल?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : एका शहराचं ऊन हा पुरावा नव्हेच. पुरावा हवेतल्या कार्बनमध्ये आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी कार्बन डायऑक्साइड दहा लाखात सुमारे २८० भाग होता, आता ४२० च्या वर. कोट्यवधी वर्षं जुन्या कोळशात कार्बन-१४ (कार्बनचा काळाच्या ओघात विरत जाणारा प्रकार) उरलेला नसतो, कार्बन-१३ हा किंचित जड प्रकारही कमी असतो. हवेतलं या दोहोंचं प्रमाण नेमकं तसंच घटलंय. सूर्य तापला असता तर स्थितांबरही, म्हणजे वातावरणाचा वरचा थरही, तापलं असतं. ते थंड होतंय.

आता घर. आपली बरीचशी वीज कोराडी-खापरखेड्यासारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते. अशा एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. कूलर २०० वॉटचा, दीड टनी एसी दीड हजारापर्यंत. म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलरच लावा, पण समोरची खिडकी उघडी ठेवून; नाहीतर दमटपणा साचतो आणि खोली नुसती चिकचिकते. बोअरच्या पाण्याने वाळ्याच्या ताट्यांवर क्षार बसले की हवा अडते. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करा, डासही टळतील. पावसाळ्यात कूलर निरुपयोगीच. तेव्हा पंखा, अगदीच झालं तर एसी २६ अंशांवर.