गेटला सिमवालं इंटरकॉम बसवताय? आधी सिमचं बघा

भाऊ, गेटवरची बेल दाबली की हे इंटरकॉम आतल्या सिमवरून तुमच्या मोबाइलला फोन लावतं. म्हणून युनिट घेण्याआधी विचारा: फक्त २जी आहे की ४जी व्होल्टी (४जी नेटवर्कवरूनच कॉल लावणारं)? जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे २जी युनिटमध्ये ते सिम घातलंत तर फोन लागणारच नाही. चार पैसे जास्त गेले तरी ४जीच घ्या.

सिम आधी साध्या मोबाइलमध्ये घालून पिन लॉक काढा, कॉल फॉरवर्डिंग बंद करा आणि गेटपाशी उभं राहून रेंज बघा. अँटेना पत्र्याच्या पेटीत कोंडू नका, खांबावर मोकळी काढा.

युनिटमधल्या रिलेची, म्हणजे गेट उघडायचा इशारा देणाऱ्या छोट्या स्विचची, कॉमन आणि एनओ (नॉर्मली ओपन, एरवी सुटलेलं) ही दोन टोकं गेट मोटरच्या ‘स्टार्ट’ टर्मिनलला जातात. मोटरचा २३० व्होल्टचा सप्लाय या रिलेतून कधीच नेऊ नका. अडॅप्टर दमदार हवा. फोन लावताना युनिट क्षणभर जास्त करंट ओढतं आणि कमजोर अडॅप्टरवर नेमकं तेव्हाच रीस्टार्ट होतं.

मिस्ड कॉलवर गेट उघडायचं असेल तर घरच्यांचेच नंबर यादीत भरा. युनिटला कंपनीने आधीच टाकलेला पासवर्ड बसवाल त्याच दिवशी बदला. रिचार्जची तारीख स्वतःच्या फोनमध्ये लावून ठेवा, गेटच्या सिमवर आलेले मेसेज कोणी वाचत नाही.