पहिलं ऑटोमॅटिक घड्याळ घेतलंस त्याबद्दल

बाळा, घड्याळ दिवसाला दोन मिनिटं पुढे पळतंय म्हणून लगेच नवी पेठेत खोलायला देऊ नकोस. आधी फोनमधलं होकायंत्र उघड आणि घड्याळ हळूहळू त्याच्याजवळ ने. सुई चांगलीच वळली, तर आत चुंबकत्व शिरलंय. घड्याळाची गती ठरवणाऱ्या, केसाएवढ्या बारीक हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, म्हणून ते पळतं. मी रात्री घड्याळ स्पीकरवर ठेवायचो, तेव्हा माझंही असंच झालं. कारागिराने अख्ख्या सर्व्हिसिंगचे पैसे घेतले. चुंबकत्व काढणाऱ्या डीमॅग्नेटायझर यंत्रावर ते मिनिटभराचं काम होतं. अजून सलतं.

म्हणून मला सिलिकॉनचं फार कौतुक. २००१ साली युलिस नार्डाँ या स्विस कंपनीच्या ‘फ्रीक’ घड्याळामध्ये सिलिकॉनचे भाग आले, त्यांना चुंबक लागत नाही, तेलही जवळपास नको. पुढचं घड्याळ घेशील तेव्हा हेअरस्प्रिंग कशाची, हे आधी विचार.

महागडं स्मार्टवॉच मात्र माझ्या मते घेऊ नकोस. बाहेरची केस (घड्याळाची डबी) कितीही उत्तम असली तरी आतली चिप आणि बॅटरी काही वर्षांत जुनी होते. त्यापेक्षा सेकोचं स्प्रिंग ड्राइव्ह एकदा बघच. ताकद चावीच्या स्प्रिंगची, लगाम क्वार्ट्झचा, आणि सेकंदकाटा न थबकता तेलाच्या धारेसारखा सरकतो.

रविवारी घरी ये, घड्याळ किती पुढे-मागे पळतं ते मोजणाऱ्या टाइमग्राफरवर लावून बघू.