मुलगी पहिल्यांदाच शिक्षकांबरोबर चार दिवसांच्या ट्रेकला जातेय, तयारी काय करून घेऊ?

सगळ्यात आधी बूट. नवे घेतले असतील तर आजपासूनच घालायला लावा. टाचेला फोड आला की पुढचे सगळे दिवस तिचं लक्ष त्या टाचेतच राहतं. चुरचुरायला लागलं की लगेच थांबून चिकटपट्टी लावायची, हे आत्ताच सांगून ठेवा. गटासमोर बोलायला मुलं लाजतात.

सॅक तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आतच हवी आणि ती तिनेच भरावी. अंधारात टॉर्च कुठल्या कप्प्यात आहे, हे तिच्या हाताला कळलं पाहिजे. भरलेली सॅक घेऊन दोन-तीनदा चढावर चालायला न्या. सुती कपडे नकोत, भिजले की लवकर वाळत नाहीत. दमा, ॲलर्जी, चालू गोळ्या हे सगळं शिक्षकांना लेखी द्या.