पोलीस भरतीच्या तयारीसाठी इंदूरला जायचंय, काकांकडे राहू की खोली घेऊ?

खोली घे. भंवरकुआँला घे, खातीवाला टँकला घे, दोघांतिघांत मिळून घे, पण खोली घे.

तू लिहिलंयस की वय २१, गाव बुऱ्हाणपूर, बीए झालंय, सब इन्स्पेक्टर व्हायचंय, आणि इंदूरचे काका म्हणतात, "आपलं घर असताना भाडं कशाला भरतोस?" हे वाचलं आणि ड्यूटीवरून आल्या आल्या बूटसुद्धा न काढता लिहायला बसले. २०१९ च्या जूनमध्ये हेच वाक्य मी ऐकलंय. 'भरतोस'च्या जागी 'भरतेस', एवढाच काय तो फरक. वयानं लहान आहेस म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

मी पांढुर्ण्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, होते ना, ती आमची. बाकीची पोरं गच्चीवरून दगड बघायची, मी बंदोबस्त बघायचे. एका वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लेडी कॉन्स्टेबल उभी होती. आईनं तिला पाणी दिलं, तिनं ते घटाघट प्यायलं आणि मग सगळ्या गल्लीला "अंदर जाइए" म्हणून आत घातलं. माझे बाबा, जे कुणाचं ऐकत नाहीत, तेही मुकाट आत गेले. माझं तिथंच ठरलं.

नागपूर आमच्यापासून दोन तासांवर, तरी तिकडची भरती आमच्या कामाची नाही. बोली मराठी असली तरी मूल निवासी (डोमिसाइल) दाखला मध्य प्रदेशचा, आणि आरक्षणाचा फायदाही इथंच. तुझंही तेच. म्हणून इंदूर, म्हणून सुदामा नगरातले काका.

काका बँकेतून रिटायर झालेले. घर स्वच्छ, देवघर मोठं, गणपतीत आरती तालासुरात. पहिल्याच रात्री जेवताना म्हणाले, "बँकेची परीक्षा दे. आपल्यात पोलिसात कोण जातं?" होळकरांच्या गावात जन्म काढलेला माणूस हे बोलतो! मल्हारराव बँकेच्या परीक्षेला बसले असते तर राजवाडा कुठून आला असता, असं तोंडावर आलं होतं, पण भाजी वाढून घेतली आणि गप्प बसले.

खरं भांडण गेटच्या किल्लीचं. मुलींना ८०० मीटर ४ मिनिटांत काढावे लागतात. माझे तेव्हा ४:३५ होत होते. दसरा मैदान घरापासून जवळ, पण तिथं पळायचं तर पहाटे ५ ला, कारण साडेसहाला फिरायला येणारी मंडळी आणि क्रिकेटवाली पोरं सगळा माळ व्यापून टाकतात. आणि काकांच्या चॅनेल गेटला आतून कुलूप, किल्ली त्यांच्या उशीखाली, ते उठणार सव्वासहाला. दुसरी किल्ली करून द्या म्हटलं तर, "अंधारात मुलीच्या जातीनं बाहेर पडायचं नाही. तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?" बापाला फोन लावून दिला. बाप म्हणाला, "काका सांगतील तसं कर."

सहा महिने तसंच केलं. डिसेंबरातल्या एका पहाटे नाही केलं. पोर्चच्या बाजूनं कंपाउंडवर चढले, बूट गळ्यात अडकवलेले, आणि पलीकडे उडी मारली ती शेजाऱ्यांच्या कुंडीवर. कुंडी फुटली, कुत्रं पेटलं, शेजारचे काका "चोर, चोर" करत गच्चीत. मी तिथंच उभी राहिले असते तर दोन मिनिटांत मिटलं असतं. पण मला वाटलं पळावं. पळाले. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं टायमिंग त्या दिवशी निघालं असणार, मोजायला कुणी नव्हतं.

शेजाऱ्यांनी डायल हंड्रेडला फोन केलेला. कोपऱ्यावरच गाडी समोर आली. हेड साहेब, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, उतरले, पोट सुटलेले, मफलर गुंडाळलेला. माझ्या गळ्यातले बूट बघितले, अनवाणी पाय बघितले, विचारलं, "घर से भाग रही हो कि भागने की प्रैक्टिस है?" मी म्हटलं, भर्ती की प्रैक्टिस. ते इतके हसले की ड्रायव्हरही खाली उतरला. मला गाडीत बसवून घरी आणलं. गेटवर काका, हातात काठी, डोक्याला माकडटोपी. हेड साहेब त्यांना म्हणाले, "बाबूजी, चाबी दे दिया करो. दीवार कूद रही है, लॉन्ग जंप तो निकाल ही लेगी."

काका तेव्हा हसले नाहीत. नंतरही नाहीत. कॉलनीत पोलीस दारात आले हे त्यांना इतकं लागलं की आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, नवव्या दिवशी मी बॅग भरली. भंवरकुआँला तिघींत एक खोली, माझ्या वाट्याला दोन हजार भाडं, मेसचे बावीसशे, लायब्ररीच्या खुर्चीचे पाचशे. हे तेव्हाचे आकडे, आता वाढव.

आता हिशोब बघ. काकांच्या घरी सहा महिन्यांत ४:३५ चे ४:२० झाले. खोलीवर अडीच महिन्यांत ३:५०. मग मार्चात लॉकडाउन, पुन्हा पांढुर्णा. तिथं ट्रॅकपँट घालून नागपूर रोडला धावले तर दुसऱ्याच दिवशी दुकानावर लोक बाबांना विचारायला लागले, पोरगी आजारी आहे का, डॉक्टरनं पळायला सांगितलंय का. इंदूरचा मला खरा उपयोग हाच झाला. पहाटे तिथं कुणी कुणाला ओळखत नाही.

निवड झाली तेव्हा पेढे कुणी वाटले? काकांनी. अजून गणेशोत्सवात कुणी भेटलं की सांगतात, "आमच्याकडे राहूनच झाली ती." काका, हे तुम्ही वाचणार नाही, पण किल्ली उशीखाली होती.

बरं, तुझं. सब इन्स्पेक्टर म्हणतोस, तर जागा कधी निघतात ते आधी बघ. २०१७ नंतर सब इन्स्पेक्टरची जाहिरात थेट २०२५ मध्ये आली. मधल्या वर्षांत भंवरकुआँला खोल्या करून राहिलेली किती पोरं केस पांढरे होऊन परत गेली, मी बघितलीत. आरक्षकाच्या, म्हणजे कॉन्स्टेबलच्या, भरतीचंही तेच, जरा बरं एवढंच. आमची ४००० जागांची भरती २०२० ची म्हणायची, लेखी झाली जानेवारी २०२२ मध्ये. म्हणून "आधी सब इन्स्पेक्टर, नाहीतर काहीच नाही" हा माज करू नकोस. आरक्षकाचा फॉर्म भर, आत ये, आतून परीक्षा देता येतात. डीएसपी हवं असेल तर ती राज्यसेवा, तिचा अभ्यास वेगळा. ती परीक्षा घेणाऱ्या लोकसेवा आयोगाचं ऑफिस इंदूरलाच आहे, पण ऑफिसजवळ राहिल्यानं कुणी डीएसपी होत नाही.

कोचिंगचं नाव विचारलंयस, ते सांगणार नाही. मी १४ हजार भरले होते. फिजिकलची तयारी म्हणजे रविवारी एक सर शिट्टी घेऊन यायचे आणि आम्ही फेऱ्या मारेपर्यंत पोहे-जलेबी खायचे. आरक्षकाची लेखी १०० गुणांची, प्रश्न दहावीच्या पातळीचे. जुने पेपर सोडव, मध्य प्रदेशचं सामान्य ज्ञान हिंदीतून वाच. मराठी घरातल्या पोरांना तात्या टोपे माहीत असतात, शिवपुरी आणि १८५९ लिहिताना अडखळतात.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: तू मुलगा आहेस. तुला पहाटे ५ ला कुणी अडवणार नाही, बुऱ्हाणपुरातही नाही. तुला ८०० मीटर २ मिनिटं ४५ सेकंदांत काढायचेत, १९ फूट गोळा, १३ फूट उडी, आणि हे तापीच्या काठानंही जमतं. आमच्या वेळी मैदान, म्हणजे ही शारीरिक चाचणी, फक्त पास करायचं होतं, नंतर त्याचेही गुण धरायला लागले, म्हणजे आळस महाग पडेल. उंची १६८ सेंटिमीटर नसेल तर आधी फूटपट्टी बघ, मग खोली. तेव्हा इंदूरला यायलाच हवं का, याचं उत्तर माझ्याकडे तुझ्यासाठी नाही. माझं होतं ते माझ्यासाठी होतं.

काकांबद्दलही एक सांगते, नाहीतर काकू मला बोलतील. खोलीवर असताना मला डेंगी झाला. रात्री दोनला फोन केला तर वीस मिनिटांत स्कूटर घेऊन काकाच आले, तीन दिवस दवाखान्यात बाकावर बसून होते. माणूस वाईट नाही. रविवारी जेवायला जा, काकूंच्या हातची शेवभाजी खा, डबा घेऊन ये. मुक्काम नको.

रोजगार कार्यालयाचं पंजीयन (नोंदणी) जिवंत आहे का ते आजच बघ. माझ्या खोलीतल्या एकीचं कागद तपासताना तिथंच अडलं होतं. बाकी काही विचारायचं असेल तर परवानंतर विचार, उद्या रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आहे, राजवाड्यावर पहाटे ५ ला हजेरी.