आठ तुकडे नकोत, तीन पुरतील

राम राम भाऊ. तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जिनिंगच्या वजनकाट्याचा तुमचा प्रोग्राम ‘काटा’ नावाच्या एकाच डेब पॅकेजमध्ये (डेबियन, उबंटूवर प्रोग्राम बसवायच्या गठ्ठ्यात) आहे. चोपड्याच्या जिनमध्ये काट्याजवळ जे जुनं, बिनपडद्याचं मशीन आहे, त्यावरही पडद्यासाठीचं क्यूटी, पीडीएफची लायब्ररी, पोस्टग्रेस डेटाबेसचा ड्रायव्हर सगळं उतरतं. मग त्याचे आठ भाग करावेत का, आणि पॅकेजं एकमेकांना जोडणाऱ्या नात्यांपैकी कशाला डिपेंड्स लावावं, कशाला रेकमेंड्स?

आठ नकोत. मेनूत जितक्या सोयी तितकी पॅकेजं, हा हिशेबच चुकीचा. बाहेरून येणारं ओझं जिथे बदलतं तिथेच तुकडा पाडायचा. शेतकऱ्यांची खाती, भावाचा तक्ता, हंगामाचा गोषवारा या तुमच्याच छोट्या पायथॉन फाइली, त्या मुख्य भागात राहू द्या. काट्यावरून वजन वाचायला पायसिरियल लायब्ररी पुरते. एस्क्यूलाइट हा छोटा डेटाबेस पायथॉनसोबतच येतो. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर इतका लहान आहे की त्यासाठी वेगळं पॅकेज सांभाळण्यात मला अर्थ दिसत नाही. मुख्य भागात सजेस्ट्स (नुसती सुचवणी, आपोआप बसत नाही) लिहा आणि मोकळे व्हा. खरं ओझं दोनच: पडद्यासाठी पायक्यूटी, आणि छपाईसाठी पीडीएफ बनवणारं वीजीप्रिंट, ज्याच्यामागून अक्षरं मांडणारा पँगो येतो. म्हणून काटा-मूळ, काटा-पडदा, काटा-छपाई.

चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या टेसरॅक्टच्या पॅकेजांची मांडणी एकदा बघून घ्या. इंजिन वेगळं, प्रत्येक भाषेचा डेटा वेगळा. इंग्रजीचा डेटा डिपेंड्समध्ये आहे, मराठीचा ज्याला हवा त्याने घ्यावा.

आता नाती. ज्याच्याशिवाय चालतच नाही ते डिपेंड्स. रेकमेंड्स म्हणजे आपल्याकडे भरीत मागितलं की सोबत कळण्याची भाकरी येतेच, नको असेल त्याने आधी सांगायचं; पॅकेजं आणून बसवणारं ॲप्ट रेकमेंड्स आपणहून घेतं, नको असेल तर ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ द्यावं लागतं. म्हणून काटा-मूळला पडद्याचं रेकमेंड्स लावू नका, नाहीतर काट्याजवळच्या मशीनवर क्यूटी पुन्हा हजर. तिथे सजेस्ट्स पुरे. उलट पडदा असलेल्या ऑफिसात पावती छापायचीच असते, तेव्हा काटा-पडदाला काटा-छपाईचं रेकमेंड्स लावा. पडदा आणि छपाई दोघांचंही मूळवर डिपेंड्स, तेही नेमक्या त्याच आवृत्तीवर. मूळने मात्र या दोघांवर कधीही डिपेंड्स करू नये. दोन्हीकडून गाठ मारली की आधी कोण कॉन्फिगर होणार याची खात्री राहत नाही. आणि लोहित देवनागरी फाँट छपाईच्या डिपेंड्समध्येच टाका. मशीनवर दुसरा देवनागरी फाँट नसला तर पावतीवर शेतकऱ्याच्या नावाऐवजी नुसते चौकोन उमटतात.

पॅकेज फोडलं आणि कोड तसाच ठेवला, तर काही साधत नाही. मुख्य फाइलच्या पहिल्याच ओळींत पायक्यूटी इंपोर्ट होत असेल तर मूळ एकटं सुरूच होणार नाही. इंपोर्ट लागेल तिथे करा, आणि समजा छपाईचा भाग नसेल तर ‘काटा-छपाई टाका’ असा सरळ संदेश द्या. दुसरी मेख पॅकेज बांधताना चालणाऱ्या डीएच-पायथॉन३ मध्ये आहे. सेटअप फाइलमध्ये ज्या लायब्ररी आवश्यक म्हणून लिहिल्या आहेत, त्या सगळ्या हे साधन स्वतःच डिपेंड्समध्ये घालतं. ही नाती जिथे लिहायची ती कंट्रोल फाइल तुम्ही कितीही नीट लिहा, क्यूटी मूळच्या मागे येणारच. अशा लायब्ररी सेटअप फाइलमध्येच एक्स्ट्राजमध्ये, म्हणजे ऐच्छिक यादीत, हलवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो अपग्रेडला. आवृत्ती १ मध्ये जी फाइल ‘काटा’कडे होती ती आता ‘काटा-मूळ’कडे आली, की फाइली प्रत्यक्ष बसवणारं डीपीकेजी दुसऱ्याच्या फाइलवर लिहायला नकार देतं. त्यासाठी काटा-मूळमध्ये ब्रेक्स (त्याच्यासोबत चालत नाही) आणि रिप्लेसेस (त्याच्या फाइलींवर लिहू द्या) दोन्ही लिहा: काटा, २.० पेक्षा कमी आवृत्ती. नुसतं रिप्लेसेस लिहिलं तर जुना काटा आपल्या फाइली गमावूनही मशीनवर धडधाकट असल्यासारखा बसून राहतो. पडदा आणि छपाईलाही हेच लागू.

‘काटा’ हे जुनं नाव मी रिकाम्या मेटापॅकेजला देईन, तिघांवर आणि पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरवर डिपेंड्स लावून. ऑफिसच्या मशीनवर काहीच बदलल्यासारखं वाटणार नाही. फक्त त्याच्या सेक्शनमध्ये मेटापॅकेजेस लिहायला विसरू नका. नाहीतर कुणी रिकामं आहे म्हणून ते काढलं, की नको असलेली पॅकेजं काढणारं पुढचं ऑटोरिमूव्ह तिन्ही भाग झाडून नेईल. काट्याजवळच्या मशीनवर काटा-मूळ नाव घेऊन टाका, मग ‘काटा’, ‘काटा-पडदा’ आणि ‘काटा-छपाई’ नावं घेऊनच काढा. आणि हो, तिथे ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ वापरत असाल तर ते नवं पॅकेज आणत नाही, ‘काटा’ जुन्या आवृत्तीवरच थांबवून ठेवतं. ‘ॲप्ट अपग्रेड’ने काम होतं.

वाटायच्या आधी कोऱ्या कंटेनरमध्ये जुनी आवृत्ती टाकून वर नवी चढवून बघा, आणि दुसऱ्या कंटेनरमध्ये रेकमेंड्सशिवाय नुसतं मूळ. पॅकेजातल्या चुका दाखवणारं लिंटियनही चालवा. हे दिवाळीच्या आत उरका. आवक जोरात असताना, काट्यावर ट्रॅक्टरांची रांग उभी असताना, अपग्रेड करू नका. कंट्रोल फाइल तयार झाली की इथे टाका, नजर टाकतो.