बाहेर 25 अंश असताना सेसना 150 या छोट्या विमानाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होऊन इंजिन बंद पडू शकतं का?

हो, पडू शकतं, आणि हवा दमट असेल तर 30 अंशांच्या वरही. व्हेंचुरीत (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात) दाब उतरतो, तिथेच पेट्रोलची वाफ होते. दोन्ही मिळून आतलं तापमान 30 अंशांहून जास्त घसरू शकतं. मग हवेतली पाण्याची वाफ थ्रॉटलच्या झडपेवर गोठते. अमेरिकेच्या एफएएच्या (विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) मार्गदर्शनानुसार 21 अंशांखाली आणि 80 टक्क्यांवर आर्द्रता असताना धोका सर्वाधिक, पण 38 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेतही बर्फ धरतो. कमी पॉवरवर खाली उतरताना विशेष सांभाळा, कारण झडप जवळजवळ मिटलेली असते आणि थोडासा बर्फही वाट बुजवतो.

पहिली खूण म्हणजे थ्रॉटल न हलवता आरपीएम हळूहळू उतरणं. लगेच:

- कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढा, अर्धवट नको.
- आरपीएम आणखी पडेल, इंजिन खडखडेल. वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जात असतं. इथेच घाबरून हीट बंद करणं ही सगळ्यात घातक चूक.
- आरपीएम पुन्हा चढेपर्यंत थांबा.

उशीर नको, कारण ही उष्णता एक्झॉस्टमधूनच येते. इंजिन थंडावलं की ती उरत नाही.

फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या इंजिनांना (उदा. सेसना 172एस विमानाचं) हा त्रास नाही. मात्र तिथेही हवेचा फिल्टर बर्फाने बुजू शकतो.